टाचणीताईंचं अनुमोदन

वन्सं पहिल्यांदा निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा घरात कोणालाच ते खरं वाटलं नव्हतं. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि घराच्या खालच्या खोलीत शिवणकामाचं दुकान चालवलं. शाळेचे गणवेश, दवाखान्याचे पडदे, दुकानदारांच्या कापडी पिशव्या, जे येईल ते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्यांच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असायच्या आणि बोलणं त्या टाचण्यांमधूनच व्हायचं. सुरुवातीला मला वाटलं, या माझ्यावर रागावल्यात.

राजकारणात त्या पडल्या ते गटारापायी. दुकानासमोरचं गटार महिनोन् महिने तुंबलेलं. अर्ज झाले, हेलपाटे झाले. शेवटी एक दिवस त्या पालिकेत गेल्या आणि अभियंत्याच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, आज मी कागद आणलेला नाही. तुम्हालाच न्यायला आलेय."

"मला? कुठे?"

"जागेवर. रिक्षा उभी केलीय खाली. भाडं मी देते."

चार माणसांदेखत नाही कसं म्हणणार? साहेब आले, आणि आमच्या दारात उतरताना त्यांचा पाय बुटासकट घोट्यापर्यंत त्या गटारात गेला. आठवड्याच्या आत गटार स्वच्छ झालं. मग काय, गल्लीतली माणसं दुकानात येऊन बसायला लागली. कोणाचा नळ, कोणाचा दिवा, कोणाच्या भिंतीला टेकून साचलेला कचरा. वन्संचं एकच उत्तर, "थांब, त्याला जागेवर आणते." त्या म्हणायच्या, कागद फायलीत सुखाने झोपतो, पण माणसाला घाणीत उभं केलं की त्याला झोप येत नाही.

निवडणुकीत त्यांच्यासमोर एक बांधकाम कंत्राटदार होता. तो भर सभेत म्हणाला, "माझ्यासमोर उभं कोण, तर एक टाचणी! टाचणीने कधी घर बांधलंय का?"

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या सभेत वन्सं उठल्या. त्यांना भाषण कुठलं येतंय! एवढंच बोलल्या, "टाचणी घर बांधत नाही हे खरं. पण खुर्चीवर असली की बसणारा ताडकन उठतो."

माणसं हसली आणि हसता हसता निवडून देऊन बसली. तेव्हापासून वॉर्डात त्यांचं नाव टाचणीताई. पुढे त्यांचं खरं नाव फक्त मतपत्रिकेवर राहिलं.

पहिल्या पाच वर्षांत त्यांनी जे केलं, त्यात त्यांच्या जिवाचं काम एकच होतं. आमच्या वॉर्डात रस्ते झाडणाऱ्या बायका बऱ्याच. काही इस्पितळात आया, काही घाऊक बाजारात भाजी निवडणाऱ्या. यांची कामं उजाडायच्या आधी सुरू होतात. मुलं कुठे ठेवणार? एकदा वन्संनी पाहिलं, झाडूवालीची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि तिच्या खाली, दोन चाकांच्या मधे, पोत्यावर पोर झोपलेलं. त्यांनी आयुक्तांना निरोप पाठवला, पहाटे जागेवर या. आयुक्त आले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वन्संनी दोन पोरं दोन कडांवर घेऊन त्यांच्या बंगल्याची घंटा वाजवली. बाईसाहेबांनी दार उघडलं. एक पोर बाईसाहेबांकडे झेपावलं ते उतरायलाच तयार होईना. पाळणाघर मंजूर झालं ते त्या दारात.

पालिकेचं एक जुनं गोदाम पडून होतं, तिथेच ते झालं. पहाटे पाचला उघडायचं, कारण पाचलाच त्याची गरज होती. झोळ्या वन्संनी स्वतः शिवल्या. भिंतीला खाली, पोरांच्या हाताला येतील अशा खुंट्या ठोकून घेतल्या आणि प्रत्येक खुंटीवर वेगळ्या रंगाचं कापड लावलं, म्हणजे अक्षर न येणाऱ्या पोरालाही आपली पिशवी सापडावी. आत शिरलं की दूध, फिनेल आणि पोरांच्या केसांतलं तेल असा एक मिळून वास यायचा. तिथे सांभाळायला एक विधवा बाई ठेवली होती. सगळी पोरं तिला मावशी म्हणत, मग सगळा वॉर्डच मावशी म्हणायला लागला.

त्यानंतर वन्सं पुन्हा निवडून आल्या, परत आल्या, येतच राहिल्या. मधे एका पक्षाने त्यांना घेतलं. पक्षाचे नेते सभागृहातलेच सदस्य आणि शहरातलं बडं प्रस्थ, सगळे त्यांना साहेब म्हणत. केस पांढरे झाले, चष्मा जाड झाला आणि सभागृहात वन्सं सगळ्यांत जुन्या सदस्य ठरल्या. इथेच ती गोष्ट घडली, जी मला सांगायची आहे.

पालिकेच्या सभेची एक रीत होती. दिवसभर भांडणं व्हायची ती दोन-तीन विषयांवर. उरलेले विषय शेवटी एका दमात निघायचे. तोवर सगळ्यांना भूक लागलेली, अर्ध्यांनी चपला शोधायला सुरुवात केलेली. सचिव उभे राहून भराभर वाचायचे, विषय अमुक, सूचक अमुक, अनुमोदक अमुक, मंजूर? सगळे कोरसमधे म्हणायचे, मंजूर! कोणत्याही ठरावाला एक मांडणारा आणि त्याच्या पाठीशी उभा राहणारा एक, असे दोघं लागतात. या दुसऱ्या जागी सचिव वन्संचं नाव घ्यायचे. जुन्या, दोन्ही बाजूंना मान असलेल्या. टाचणीताईंचं अनुमोदन म्हटलं की समोरचेही आडवे येत नसत. सचिव नुसतं त्यांच्याकडे बघायचे, त्या मान हलवायच्या, झालं.

वन्संना याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू? घरी येऊन म्हणायच्या, "एवढं भांडतात मेले, पण माझ्या नावाला कोणी नाही म्हणत नाही बघ."

माझे यजमान चिडवायचे, "ताई, तू आता लग्नपत्रिकेतल्या 'आमचे येथे'सारखी झालीस. सगळीकडे असतेस, वाचत कोणी नाही."

त्या साली महापौरपद आरक्षणाने बाईकडे जाणार होतं, आणि ते वन्संनाच मिळणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. साहेबांनी तसा शब्द दिला होता. मी मनातल्या मनात देवाला सांगूनही टाकलं होतं, की बाबा, या बाईने स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, एवढं होऊ दे.

आणि एक दिवस दुपारी मावशी धापा टाकत दुकानात आली.

"ताई, चला! दोन माणसं फीत घेऊन भिंती मोजतायत. पोरांच्या झोळ्या बाजूला करा म्हणतात."

वन्सं हातातला गणवेश तसाच टाकून निघाल्या, मागोमाग मी. मोजणीदार बिचारा तरुण, घामाघूम झालेला. एक पोर त्याच्या फितीचं दुसरं टोक धरून ओढत होतं.

"काय रे, कोणाच्या परवानगीने?" वन्संनी विचारलं.

"पालिकेच्या, ताई. इथे वाहनतळ होतोय. चार मजली."

"आणि पोरं?"

"ती नाक्यापलीकडच्या पाळणाघरात जाणार."

"ते नऊला उघडतं. यांच्या आया पाचला जातात. चार तास पोरं काय तुझ्या वाहनतळात लावायची?"

त्याने फीत आपल्याकडे ओढून बघितली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, मला का बोलता? ठराव मागच्याच सभेत झाला. साहेब सूचक आणि अनुमोदक तुम्ही."

मी वन्संकडे पाहिलं. त्या खाली वाकल्या, पोराच्या मुठीतून फीत सोडवली, मोजणीदाराच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आज जा. मी बघते."

रस्त्याने येताना एकदाच बोलल्या. "विषय वाचला तेव्हा मी पर्समधे चष्म्याचं घर शोधत होते. मान हलवली मी."

संध्याकाळी घरी पंचायत बसली. यजमान म्हणाले, "सोपं आहे. सांग, सचिवाने परस्पर माझं नाव घेतलं. सगळेच म्हणतात तसं. तुझं नाव स्वच्छ राहील."

पालिकेतले एक वकील सदस्य आमच्याच गल्लीत राहत. विरोधी बाकावरचे, पण वन्संना मानणारे. तेही आले होते. ते म्हणाले, "नाव स्वच्छ राहील, पाळणाघर नाही राहणार. नियम असा आहे, की मंजूर झालेला ठराव वर्षाच्या आत परत उघडायचा तर तो सूचकाने किंवा अनुमोदकानेच उघडायचा. साहेब तर उघडणार नाहीत. राहिल्या तुम्ही. उद्या तुम्ही म्हणालात, की मी अनुमोदन दिलंच नाही, तर मग तुम्हाला उठायचा हक्कच नाही."

"म्हणजे चूक माझी आहे म्हटलं तरच ती दुरुस्त करता येते," वन्सं म्हणाल्या.

"हो. भर सभागृहात म्हणायचं. शिवाय निम्म्याहून जास्त हात वर व्हायला हवेत. पण एकदा रद्द झाला, की वर्षभर तो विषय कोणाला परत आणता येत नाही."

"आणि महापौरपद?" यजमानांनी विचारलं.

वकिलांनी चहाचा कप खाली ठेवला. "साहेबांचा ठराव पाडून साहेबांचीच खुर्ची? भाऊ, तुम्ही पण ना."

तरी साहेब स्वतः आले. गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून चालत आले. दुकानातल्या स्टुलावर बसले. गोड बोलणारा माणूस. "ताई, महिन्याभराचा प्रश्न आहे. आधी खुर्चीत बसा. महापौर झालात की एक सोडून दोन पाळणाघरं काढा."

"महिन्याभरात भिंत पडते ना हो साहेब?"

"भिंतीचं काय एवढं!"

"भिंतीचं काही नाही. पाचला येणाऱ्या बायकांचं आहे. त्या महिनाभर कामावर गेल्या नाहीत तर त्यांच्या जागी दुसऱ्या उभ्या राहतात. मग मी दोन काय, दहा पाळणाघरं काढली तरी पोरं कोणाची आणू?"

साहेब हसले. "शहर बघायचं तर एक गल्ली सोडावी लागते, ताई."

"तुम्ही शहर बघा. गल्लीला दुसरं कोण आहे?"

ते उठले. दारातून मला म्हणाले, "वहिनी, समजवा यांना." मी काय समजावणार? मी म्हटलं, "चहा राहिला तुमचा." खरंच राहिला होता.

पुढची सभा होईपर्यंत वन्सं रोज पहाटे उठायच्या. एकेका सदस्याला आदल्या दिवशी फोन, "उद्या पहाटे जागेवर या." कोणी तब्येतीचं सांगितलं, कोणी गावाला गेल्याचं. त्यांच्या घरी वन्सं संध्याकाळी गेल्या आणि तब्येत बघून आल्या. जे आले त्यांना त्यांनी काही पटवलं नाही. पाळणाघराच्या दारात उभं केलं आणि स्वतः पोरांच्या पिशव्या खुंटीला लावत राहिल्या. बाया यायच्या, झोपलेलं पोर मावशीच्या खांद्यावर टाकायच्या आणि मागे न बघता पळायच्या, कारण मागे बघितलं तर पोर जागं होतं. बघणाऱ्याला सांगण्यासारखं वेगळं काही उरत नव्हतं.

एक सराफ सदस्य होते, साहेबांचे अगदी उजवे हात. ते आले ते कुरकुरतच. "ताई, माझं मत ठरलेलं आहे. उगाच झोप मोडलीत."

"मत राहू दे हो. हिला धरा जरा, मला दूध बघायचंय," असं म्हणून वन्संनी एक मुलगी त्यांच्या हातात दिली. सराफांचं उभं आयुष्य सोनं तोलण्यात गेलेलं, पोर कसं धरायचं ते विसरले होते. तिने त्यांचा चष्मा काढून घेतला, मग सदरा ओला केला. ते ओरडले, "अहो ताई!" आत मावशी हसून हसून बेजार. सदरा बदलायला घरी निघताना सराफ पुटपुटले, "आमच्या दुकानातली झाडणारी बाई इथेच ठेवते का हो पोर?" वन्सं म्हणाल्या, "सदरा भिजवला ती तिचीच."

सभेच्या दिवशी मी प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. तोंडात देवाचं नाव. वन्सं उठल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद नव्हता.

"वाहनतळाच्या ठरावाची मी अनुमोदक आहे," त्या म्हणाल्या. "तो ठराव परत उघडावा अशी माझी मागणी आहे. मी तो न ऐकता अनुमोदन दिलं. चूक माझी, सचिवांची नाही."

आधी कुजबुज, मग हशा. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "इतकी वर्षं अशीच मान हलवत होता का?"

"इतकी नाही, पण बरीच," वन्सं म्हणाल्या. "कशाकशाला हलवली ते मला सांगता येत नाही, ही माझी शरम आहे. हा एक कळला म्हणून उठलेय. दुसरा कळला तर पुन्हा उठेन."

"मग राजीनामा द्या!"

"देते. आधी हात वर करा, मग लगेच देते."

आता हशा निराळा झाला. साहेब उठले. आवाज तोच गोड. "ताईंच्या वयाचा आम्ही मान राखतो. विसरायला होतं. पण एका माणसाच्या विसरण्यापायी शहराची गाडी थांबवायची का?"

वन्सं वळल्या. "साहेब, मला विसरायला झालं नाही. मी लक्षच दिलं नाही. विसरणं म्हातारपणाचं असतं, लक्ष न देणं गुर्मीचं. माझ्या नावाला कोणी नाही म्हणत नाही, याची गुर्मी होती मला. पाचला पोर टाकून पळणाऱ्या बाईने तिची किंमत का मोजायची?"

हात मोजायला घेतले. विरोधी बाकावरचे बहुतेक वर, साहेबांच्या बाजूचे खाली. सचिव बोटाने मोजत पुढे सरकत होते. मी पण मोजत होते, दोनदा चुकले. सराफ बराच वेळ टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसले होते. साहेबांनी त्यांच्याकडे मान वळवली. सराफांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, आणि हात वर केला. पूर्ण नाही, कानापर्यंतच. सचिव म्हणाले, "सराफसाहेब, नीट वर करा, नाहीतर मोजत नाही." तेव्हा त्यांनी तो वर केला. त्यांच्या मागच्या दोघांनी त्यांचं बघून केला. ठराव रद्द झाला.

वन्संनी खरोखर राजीनामा लिहायला घेतला. वकिलांनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणाले, "हा शिक्षा चुकवायचा मार्ग आहे, ताई. बसा इथेच आणि यापुढे ऐका." वन्संनी कागदाची घडी घातली आणि त्या बसल्या. त्या दिवसापासून सभेच्या शेवटी सचिवांनी भराभर वाचायला घेतलं, की वन्सं प्रत्येक विषयाला थांबवतात आणि म्हणतात, "हा काय आहे, जरा सांगा." सभा लांबतात. भूक लागली की लोक त्यांच्या नावाने ओरडतात. कोणी त्यांच्यासमोर बिस्किटाचा पुडा ठेवून म्हणतं, "ताई, तुम्ही पण खा, आम्हाला पण सोडा." त्या बिस्किट घेतात आणि म्हणतात, "हं, पुढचा विषय."

महापौरपद दुसऱ्या बाईंना गेलं. वन्संनी त्यांना गुच्छ दिला, फोटोत हसल्या. घरी आल्यावर मी जेवणाचं ताट वाढलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "खुर्ची मऊ होती गं, मी हात लावून बघितला." आणि नेहमीसारख्या दोन घास जास्त जेवल्या.

नंतरच्या निवडणुकीला साहेबांनी तिकीट नाकारलं. निरोप आणला तो पक्षाच्या एका कार्यकर्त्याने, अगदी ओशाळून. वॉर्ड साहेबांच्या पुतण्याला गेला होता.

यजमान म्हणाले, "झालं तेवढं पुष्कळ झालं, ताई. गुडघे बघ तुझे. पक्षाशिवाय उभी राहणार, या वयात?"

"ठराव एका वर्षापुरता मेलाय रे. वर्ष संपत आलं. परत आणतील तेव्हा आत कोणीतरी नको का बसलेलं?"

"आणि पडलीस तर?"

"तर बाहेर बसेन. पालिकेच्या दारात बाक आहे, त्यावर बसायला मतं लागत नाहीत."

ते माझ्याकडे बघायला लागले, की तू तरी सांग. मी देवासमोरचा दिवा सारखा केला आणि चपला घातल्या. वन्संचा हात धरला, कारण जिन्याला कठडा नाही. आम्ही दोघी मतं मागायला पहिल्या घरापाशी गेलो. वन्संनी कडी वाजवली. आत पावलं ऐकू आली, कोणी तरी खिडकीच्या फटीतून बघितलं, पण दार उघडलं नाही.

"साहेबांची माणसं आहेत ही," मी म्हटलं. "पुढे चला."

"पुढे जाऊच," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा कडी वाजवली.